ओंडक्याचा माग काढणारे फ्रित्यॉफ नान्सेन

पावसाळ्यातल्या उधाणानंतर जुहूच्या किनाऱ्यावर काय काय येऊन पडते, हे मुंबईकरांना ठाऊक आहे. झावळ्या, चपला, प्लास्टिक, झाडांच्या फांद्या, कधी एखादा मोठा ओंडका. पाणी तर आठवडेच्या आठवडे गढूळ, चहाच्या रंगाचे असते. नाल्यांनी आणि खाड्यांनी जे समुद्रात नेले, त्यातले बरेचसे समुद्र परत आणून टाकतो. सकाळी पालिकेचे कर्मचारी तो ढीग उचलतात आणि गोष्ट तिथेच संपते.

नॉर्वेच्या फ्रित्यॉफ नान्सेन यांची गोष्ट मात्र वाहून आलेल्या ओंडक्यापासूनच सुरू झाली. हे लाकूड आले कुठून, एवढाच त्यांचा प्रश्न होता. त्या प्रश्नाचा पिच्छा पुरवत ते उत्तर ध्रुवाच्या अगदी जवळ पोहोचले आणि ध्रुवीय समुद्राच्या शास्त्राचा पाया घातला गेला. सायबेरियाच्या नद्या उत्तरेच्या समुद्रात जो कार्बन ओततात, त्याचा हिशेब आज जगभरचे शास्त्रज्ञ मांडत आहेत. त्या हिशेबाची पहिली पाने नान्सेन यांनी लिहिली आहेत.

बर्गेनमधला सूक्ष्मदर्शक

नान्सेन यांचा जन्म १० ऑक्टोबर १८६१ रोजी क्रिस्तियानिया, म्हणजे आजच्या ऑस्लोजवळ झाला. वडील वकील. घराबाहेर पडले की जंगल आणि बर्फ, त्यामुळे स्की पायाला लहानपणीच बांधल्या गेल्या. विद्यापीठात त्यांनी प्राणिशास्त्र घेतले, आणि १८८२ मध्ये सीलची शिकार करणाऱ्या ‘व्हायकिंग’ नावाच्या जहाजावरून ते ग्रीनलंडच्या पूर्वेकडच्या समुद्रात गेले. तिथे जहाज काही आठवडे बर्फात अडकले. त्या बर्फावर त्यांना लाकूड आणि माती दिसली. आसपास शेकडो मैलांत जंगल नव्हते. ही गोष्ट त्यांच्या मनात घर करून राहिली.

परतल्यावर त्यांना बर्गेनच्या संग्रहालयात नोकरी मिळाली. त्या काळी बर्गेन हे कुष्ठरोगाच्या अभ्यासाचे जगातले प्रमुख केंद्र होते. संग्रहालयाचे प्रमुख डॉ. डॅनियलसेन कुष्ठरोगावरचे नामांकित तज्ज्ञ. त्यांचेच जावई डॉ. आर्माउर हॅन्सेन यांनी १८७३ मध्ये कुष्ठरोगाचा जंतू शोधून काढला होता. हा रोग शापाने किंवा रक्तातून येत नाही, तो जंतूमुळे होतो, हे त्या शहरात नुकतेच समजले होते. डोळ्यांना दिसेल तेवढेच मानायचे आणि जे मानले जाते ते तपासून पाहायचे, ही शिस्त नान्सेन अशा माणसांच्या सहवासात शिकले.

त्यांचा स्वतःचा विषय मज्जासंस्था हा होता. मेंदूतल्या पेशी एकमेकींना जोडून एक अखंड जाळे बनवतात, असे तेव्हा बहुतेक जण मानत. १८८६ मध्ये नान्सेन इटलीत पाव्हिया येथे कॅमिलो गोल्जी यांच्याकडे गेले आणि चांदीच्या क्षाराने पेशी रंगवण्याची पद्धत शिकून आले. या पद्धतीने खालच्या वर्गातल्या सागरी प्राण्यांच्या मज्जापेशी पाहिल्यावर त्यांनी मत मांडले, की या पेशी स्वतंत्र असतात, एकमेकींत विरघळलेल्या नसतात. पुढे स्पेनच्या काहाल यांनी हे भक्कम पुराव्याने सिद्ध केले. आजचे सारे मज्जाशास्त्र याच कल्पनेवर उभे आहे. ती मांडणाऱ्या पहिल्या मोजक्या लोकांत नान्सेन होते. १८८८ मध्ये याच कामावर त्यांना डॉक्टरेट मिळाली, आणि त्यानंतर काही दिवसांतच ते ग्रीनलंडला निघाले.

ज्या देशात झाडे नाहीत, तिथले लाकूड

ग्रीनलंडचा आतला बर्फाळ प्रदेश तोवर कोणी ओलांडला नव्हता. आधीच्या लोकांनी वस्ती असलेल्या पश्चिम किनाऱ्याकडून सुरुवात करून पाहिली होती. नान्सेन यांनी उलटे केले. पाच साथीदारांसह ते निर्मनुष्य पूर्व किनाऱ्यावर उतरले, म्हणजे मागे फिरण्यात अर्थच उरला नाही. सुमारे सहा आठवडे बर्फावरून चालत आणि स्कीवरून घसरत ते पश्चिमेला पोहोचले. तोवर वर्षातले शेवटचे जहाज निघून गेले होते. १८८८-८९ चा हिवाळा त्यांनी गोटहोब इथे काढला. स्थानिक इनुइट लोकांच्या घरांत राहून ते त्यांची भाषा, कयाक चालवणे आणि सीलची शिकार शिकले.

इथे लाकडाचा प्रश्न पुन्हा समोर आला. ग्रीनलंडमध्ये मोठी झाडे वाढत नाहीत. इनुइट लोकांच्या कयाकचा सांगाडा, स्लेज, भाल्याचा दांडा हे सगळे समुद्राने आणून दिलेल्या लाकडाचे. त्यांचे सारे जगणे वाहून आलेल्या ओंडक्यांवर चालले होते. आणि हे ओंडके होते सायबेरियातल्या लार्चसारख्या झाडांचे.

आणखीही एक पुरावा होता. ‘जनेट’ हे अमेरिकी जहाज जून १८८१ मध्ये सायबेरियाच्या उत्तरेला बर्फात चिरडून बुडाले होते. तीन वर्षांनी, १८८४ मध्ये, त्याच जहाजावरच्या काही वस्तू ग्रीनलंडच्या नैर्ऋत्य किनाऱ्याजवळ बर्फावर सापडल्या. त्यात खलाशाची विजारही होती. नॉर्वेचे हवामानशास्त्रज्ञ मोहन यांनी लिहिले, की या वस्तू ध्रुवाजवळून वाहत आल्या असाव्यात. ते वाचून नान्सेन यांनी सगळे धागे एकत्र केले. बर्फावरची माती तपासायला दिली, तेव्हा ती सायबेरियाची असावी असे दिसले. त्या मातीतले सूक्ष्म शैवाल तज्ज्ञाने पाहिले, तेव्हा ते बेरिंगच्या सामुद्रधुनीजवळ सापडलेल्या शैवालांशी जुळले. वैद्य जसा चार लक्षणे जोडून निदान करतो, तसे हे निदान होते. सायबेरियाकडून ध्रुवाजवळून ग्रीनलंडकडे जाणारा एक प्रवाह आहे.

बर्फाच्या हवाली केलेले जहाज

निदान पडताळून पाहण्याचा त्यांचा मार्ग ऐकून अनुभवी दर्यावर्दी हादरले. बर्फात जहाज मुद्दाम अडकवायचे आणि ते वाहून जाईल तिकडे जाऊ द्यायचे. लंडनमध्ये १८९२ मध्ये त्यांनी योजना मांडली, तेव्हा ध्रुवीय मोहिमा केलेल्या बहुतेकांनी तिला वेडेपणा ठरवले. नान्सेन यांनी जहाजबांधणीतले निष्णात कॉलिन आर्चर यांच्याकडून ‘फ्राम’ बांधून घेतले. त्याचा तळ गोलसर ठेवला होता, की बर्फाने आवळले तर जहाज चिरडण्याऐवजी वर उचलले जावे. पाच वर्षांचे अन्न, पवनचक्कीवर चालणारे विजेचे दिवे आणि १३ माणसे घेऊन ‘फ्राम’ जून १८९३ मध्ये निघाले.

ऑगस्टच्या अखेरीस सायबेरियाच्या किनाऱ्यालगत एक विचित्र प्रकार घडला. इंजिन पूर्ण जोरात चालू असूनही जहाज जणू कोणी मागून धरून ठेवल्यासारखे रेंगाळू लागले. खलाशी याला मृत पाणी म्हणत. नान्सेन यांनी पाण्याचे नमुने घेतले. वर गोडे पाणी होते, खाली खारट. गोडे पाणी हलके, म्हणून ते खाऱ्या पाण्यावर थरासारखे पसरलेले. पुढे त्यांच्या सांगण्यावरून व्हागन एकमन या तरुण शास्त्रज्ञाने उलगडा केला, की जहाजाची ताकद या दोन थरांच्या मधल्या अदृश्य लाटा उठवण्यात खर्ची पडते. बर्फ वाऱ्याच्या दिशेने न जाता उजवीकडे झुकून वाहतो, हेही नान्सेन यांनी टिपले होते. त्यावरून एकमन यांनी वाऱ्यामुळे वाहणाऱ्या सागरी प्रवाहांचे गणित बसवले. पावसाळ्यात केरळपासून गोव्यापर्यंत खोलचे थंड पाणी वर येते आणि मासळीला खाद्य मिळते, त्याचे स्पष्टीकरण आज याच गणितातून दिले जाते.

सप्टेंबरमध्ये ‘फ्राम’ बर्फात गोठले आणि सरकू लागले. समुद्र उथळ असेल अशी समजूत होती. पण सोबत आणलेला दोर तळाला लागेना. शेवटी पोलादी दोर उसवून नवा लांब दोर वळला, तेव्हा खोली तीन हजार मीटरहून अधिक निघाली. नान्सेन यांना ध्रुवीय समुद्रात तीन थर आढळले. तळाशी थंड खारे पाणी, मध्ये अटलांटिककडून आलेले थोडे उबदार पाणी आणि वर थंड पण कमी खारट थर. हा वरचा थर सायबेरियाच्या महाकाय नद्यांमुळे आहे, हे त्यांनी ओळखले. हिवाळी बर्फ टिकतो तो या थरामुळे, कारण खालची ऊब वर येऊ शकत नाही. नदीचे पाणी मुखापाशी संपत नाही, ते अख्ख्या समुद्राचा स्वभाव ठरवते, हा नान्सेन यांचा सर्वांत मोठा धडा.

मार्च १८९५ मध्ये ते आणि यालमार योहान्सेन जहाज सोडून कुत्र्यांच्या स्लेजवरून ध्रुवाकडे निघाले. ८६ अंश १४ मिनिटांपर्यंत पोहोचले. तोवर इतक्या उत्तरेला कोणीच गेले नव्हते. परतीच्या वाटेवर त्यांनी फ्रान्झ जोझेफ बेटांवर दगड आणि वालरसच्या कातड्याच्या झोपडीत हिवाळा काढला. खायला अस्वल आणि वालरसचे मांस. तरीही दोघांना स्कर्व्ही झाला नाही, उलट वजन वाढले. क जीवनसत्त्व कशाला म्हणतात हे तेव्हा कोणालाच माहीत नव्हते, पण ताज्या मांसात ते थोडे असते, हे इनुइट लोक पिढ्यान्‌पिढ्या अनुभवाने जाणून होते. ऑगस्ट १८९६ मध्ये दोघे नॉर्वेला पोहोचले. त्याच महिन्यात ‘फ्राम’ही बर्फातून सुटून बाहेर पडले, नान्सेन यांनी सांगितले होते त्याच बाजूने. १३ पैकी १३ माणसे जिवंत परतली.

नदीतला कार्बन

सफरीतली काही मापने पुरेशी अचूक नव्हती, हे नान्सेन यांच्या लक्षात आले. ठरावीक खोलीवरचे पाणी तापमानासह बंद करून वर आणणारी धातूची बाटली त्यांनी सुधारली. ‘नान्सेन बाटली’ म्हणून ती पुढे अनेक दशके जगभरच्या जहाजांवर वापरली गेली. १९१३ मध्ये ते मालवाहू जहाजातून कारा समुद्र ओलांडून येनिसेई नदीच्या मुखाशी गेले आणि तिथून वर क्रास्नोयार्स्कपर्यंत पोहोचले. ज्या ओंडक्यांचा माग त्यांनी काढला, त्यांचे माहेरच त्यांनी पाहिले. उत्तर ध्रुव महासागराला मिळणाऱ्या नद्यांत येनिसेई सर्वांत जास्त पाणी आणते.

त्या पाण्याला जो तपकिरी रंग असतो, तो कार्बनी पदार्थांचा. सायबेरियाची माती हजारो वर्षे गोठलेली आहे. तिच्यात मेलेल्या वनस्पती कुजल्यावाचून साठल्या आहेत. कायम गोठलेल्या या प्रदेशांच्या मातीत सुमारे दीड लाख कोटी टन कार्बन आहे, म्हणजे साऱ्या वातावरणातल्या कार्बनच्या जवळपास दुप्पट. मे-जूनमध्ये बर्फ वितळला, की चहाची पत्ती गरम पाण्यात उतरावी तसा या मातीचा अर्क नदीत उतरतो. जगातल्या समुद्रांच्या पाण्यापैकी जेमतेम एक टक्का पाणी उत्तर ध्रुव महासागरात आहे, पण जगातल्या नद्यांचे दहा टक्क्यांहून अधिक पाणी त्यात येऊन पडते. सोबत दरवर्षी तीन कोटी टनांहून अधिक विरघळलेला सेंद्रिय कार्बन.

हा कार्बन किनाऱ्यालगतच्या समुद्राला काय करतो? आधी चांगली बाजू. नद्या आणि ढासळते किनारे नायट्रोजनसारखे पोषक द्रव्यही आणतात. २०२१ मधल्या एका अभ्यासानुसार उत्तर ध्रुव महासागरातल्या सूक्ष्म वनस्पतींची सुमारे एक तृतीयांश वाढ या पोषणावर होते. त्याच वनस्पतींवर पुढे मासे आणि सील जगतात.

दुसरी बाजू काळजीची आहे. तपकिरी पाणी सूर्यप्रकाश शोषून घेते. त्यामुळे खाली उजेड कमी पोहोचतो आणि वरचे पाणी लवकर तापते. जिवाणू हा कार्बन खातात आणि कार्बन डायऑक्साइड सोडतात. जुहूच्या किनाऱ्यावर सांडपाण्यातल्या घाणीचे जे होते, तेच इथे थंडीत सावकाश होते. या वायूने पाणी आम्ल होते. २०१६ मध्ये रशियन आणि स्वीडिश शास्त्रज्ञांनी पूर्व सायबेरियाच्या उथळ समुद्रात हे मोजून दाखवले. तिथले पाणी इतके आम्ल झाले आहे, की शिंपल्यांसारख्या जिवांची चुन्याची कवचे त्यात टिकणे अवघड. कॅनडाच्या मॅकेंझी नदीच्या मुखाबाहेर तर समुद्र कार्बन डायऑक्साइड शोषण्याऐवजी बाहेर सोडतो, असे अलीकडच्या अभ्यासात दिसले. समुद्र हवेतला कार्बन गिळून आपल्याला सांभाळतो, असे आपण धरून चालतो. नदीच्या मुखाशी हा हिशेब उलटा होऊ शकतो.

आरोग्याचाही प्रश्न आहे. पारा सेंद्रिय कार्बनला चिकटून नदीतून येतो, आणि त्याचेही प्रमाण वसंतातल्या पुरात सर्वाधिक असते. सूक्ष्म जिवांकडून माशात, माशाकडून सीलमध्ये, आणि सीलच्या मांसातून माणसात तो साठत जातो. गर्भातल्या बाळाच्या मेंदूला त्याचा धोका सर्वांत मोठा. ज्या इनुइट लोकांनी नान्सेन यांना जगायला शिकवले, त्यांच्या ताटातला हा प्रश्न आहे.

नमुना कधी घेतला यावरही उत्तर अवलंबून असते. बरीच वर्षे शास्त्रज्ञ उन्हाळ्याच्या शेवटी, जाणे सोयीचे असे तेव्हा, नद्यांचे पाणी तपासत. त्यावरून हा कार्बन जिवाणूंना पचत नाही असे वाटे. वसंतातल्या पुराचे पाणी तपासल्यावर कळले, की त्यातला बराच कार्बन ताजा असतो आणि काही आठवड्यांत जिवाणू त्याचा फडशा पाडतात. रुग्णाचा ताप उतरल्यावर घेतलेले रक्त आणि ताप चढताना घेतलेले रक्त वेगळी गोष्ट सांगते, तसेच हे.

माणसांचा माग

नान्सेन यांच्या आयुष्याचा शेवटचा टप्पा समुद्राशी थेट संबंधित नाही, तरी तो सोडून चालणार नाही. १९०७ मध्ये पत्नी एव्हा न्यूमोनियाने गेल्या, १९१३ मध्ये धाकटा मुलगा. पहिल्या महायुद्धानंतर राष्ट्रसंघाने १९२० मध्ये त्यांच्यावर युद्धकैद्यांना घरी पोहोचवण्याची जबाबदारी टाकली. अनेक कैदी सायबेरियात अडकले होते. दोन वर्षांत त्यांनी चार लाखांहून अधिक माणसे मायदेशी पोहोचवली. १९२१ मध्ये व्होल्गाच्या खोऱ्यात दुष्काळ पडला आणि टायफसची साथ आली. बोल्शेव्हिक रशियाला मदत म्हणजे शत्रूला मदत, असे युरोपची सरकारे मानत होती. राष्ट्रसंघात त्यांचे आवाहन फेटाळले गेले, तेव्हा त्यांनी लोकांकडून पैसा उभा केला. उपाशी मुलाला पक्ष नसतो, ही त्यांची भूमिका होती. ज्यांना कोणताच देश आपले म्हणत नव्हता, अशा निर्वासितांसाठी १९२२ मध्ये ‘नान्सेन पासपोर्ट’ निघाला. चित्रकार शगाल, संगीतकार स्ट्राव्हिन्स्की हे त्याच कागदावर सरहद्दी ओलांडून गेले. त्याच वर्षी नान्सेन यांना शांततेचे नोबेल मिळाले, आणि त्याचे पैसेही मदतकार्यात गेले. १३ मे १९३० रोजी त्यांचे निधन झाले. १७ मे या नॉर्वेच्या राष्ट्रीय दिनी त्यांना निरोप देण्यात आला.

अजून वाहतेच आहे

ग्रीनलंड आणि स्पिट्सबर्गेन यांच्या मधल्या ज्या समुद्रातून ध्रुवीय बर्फ बाहेर पडतो, त्याला आज फ्राम सामुद्रधुनी म्हणतात. तिथल्या पाण्यात शास्त्रज्ञांना लिग्निन सापडले आहे. लिग्निन हा लाकडाला कणखरपणा देणारा पदार्थ. समुद्रात तो तयार होत नाही, म्हणून तो दिसला की समजावे, हा कार्बन जमिनीवरून आला. म्हणजे नान्सेन यांचा ओंडका आता रेणूंच्या रूपात त्याच वाटेने जातो आहे. सायबेरियाच्या नदीतून निघून ध्रुवाजवळून ग्रीनलंडकडे.

भारतही या समुद्रावर नजर ठेवून आहे. स्पिट्सबर्गेनवरच्या न्यू-ओलेसुंद इथे २००८ पासून ‘हिमाद्री’ हे आपले केंद्र आहे आणि त्याचे काम गोव्यात वास्को इथल्या राष्ट्रीय ध्रुवीय आणि महासागर संशोधन केंद्रातून चालते. २०१४ मध्ये तिथल्या कॉंग्सफ्योर्डमध्ये भारतीय शास्त्रज्ञांनी पाण्याखाली उपकरणांची साखळी सोडली. बर्फाखालच्या पाण्याचे तापमान आणि खारटपणा ती हिवाळ्यातही नोंदवत राहते.

पण नदीच्या कार्बनचा हिशेब एका देशाला मांडता येत नाही. २००३ पासून रशिया, कॅनडा आणि अलास्का इथल्या सहा मोठ्या नद्यांचे पाणी एकाच पद्धतीने तपासले जाऊ लागले. त्यातल्या चार नद्या रशियाच्या. २०२२ मध्ये युक्रेनवर हल्ला झाल्यावर रशिया आणि पाश्चात्त्य देश यांच्यातले वैज्ञानिक सहकार्य बहुतांशी थांबले. गोठलेली जमीन वितळण्याचे मात्र थांबलेले नाही, आणि दर जूनमध्ये येणारा तपकिरी पूरही. ज्या नद्यांच्या नोंदी सर्वांत जास्त हव्यात, त्यांच्याच नोंदींना आता खीळ बसते आहे. शंभर वर्षांपूर्वी सरहद्दीपलीकडे दुष्काळ पडला, तेव्हा नान्सेन यांनी सरकारांच्या होकाराची वाट पाहिली नाही. त्या नद्यांचे पाणी तपासणाऱ्यांना आज तसाच एखादा मध्यस्थ हवा आहे.